चढावरच्या शिव्या

सिस्टर दार न वाजवता आत आल्या आणि कोणी सांगण्याआधीच बसल्या. हातातली प्लास्टिकची फाइल त्यांनी टेबलावर अशी आपटली की भाऊजींच्या कपातला चहा बशीत उतरला.

"माझा भाऊ चोर आहे," त्या म्हणाल्या. "एवढं मला कागदावर लिहून हवंय."

वहिनींनी फाइल शांतपणे स्वतःकडे ओढली. विमा कंपनीत तीस वर्षं त्यांनी लोकांच्या खोट्या अपघातांची खरी कारणं शोधली होती. निवृत्तीनंतर लोक भजनाला लागतात, त्या खाजगी तपासाला लागल्या. भाऊजी म्हणजे त्यांचे दीर, बँकेतून निवृत्त. दिसेल ते वहीत टिपून घ्यायचं हे त्यांचं काम. टिपलेल्याचा अर्थ त्यांना शेवटी, इतर सगळ्यांबरोबर कळत असे.

"आधी चोरी सांगा," वहिनी म्हणाल्या. "चोर मग बघू."

सिस्टर घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची शुश्रूषा करत. अकरा वर्षं त्या शंभर सीसीच्या मोटरसायकलवर फिरल्या होत्या. आता गुडघा किक मारू देत नव्हता, म्हणून गाडी विकायची ठरवली. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी ती व्हॅल्युएशनवाल्याकडे नेली. त्याने तपासून रिपोर्ट दिला: इंजिन चांगलं, कार्ब्युरेटर मूळ आणि उत्तम. वर सल्लाही दिला. नवी सीट, सरळ हँडल आणि काळा रंग, म्हणजे किंमत चढेल. निवृत्तीच्या आदल्या दिवशी केस काळे केल्यासारखं ते भाऊजींना वाटलं. पण ते बोलले नाहीत, कारण त्यांनीही तेच केलं होतं.

"व्हॅल्युएशनवाल्याला गाडी देतानाच सांगितलं होतं, पुढचं काम माझा भाऊच करेल. मग त्याच्याकडे दिली. त्याचं गॅरेज आहे. चार दिवसांनी गाडी नवरीसारखी सजून आली. मग गिऱ्हाईक आलं. आमच्या अंगणात चार फेऱ्या मारल्या आणि गाडी खोकून बंद पडली. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, हा कार्ब्युरेटर या गाडीचा नाहीच, दुसऱ्याच कुठल्या तरी भंगारातला आहे. निम्मी किंमत बोलला."

"कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं," वहिनींनी भाऊजींना सांगितलं. "या मॉडेलचं आता बनत नाही. शोधणारे वाटेल ते मोजतात."

"रिपोर्टात असली, गिऱ्हाइकापुढे नकली," सिस्टर म्हणाल्या. "मधे गाडी कुणाकडे होती? माझ्या पाठच्या भावाकडे. आईसमोर विचारलं. मान खाली, तोंडातून शब्द नाही. निर्दोष माणूस असा गप्प बसतो? आई त्याच्याकडे असते. नऊ दिवस मी त्या घराची पायरी चढलेली नाही."

"आणि व्हॅल्युएशनवाला?"

"तो एक वेगळाच नग. दोन तास बाहेर बाकावर बसवून ठेवलं आणि वर माझं पेट्रोल काढून घेतलं. येताना दवाखान्याच्या रोजच्या चढावर गाडी दोनदा बंद. तिथूनच फोन करून शिव्या घातल्या त्याला. मग या गुडघ्यानं ढकलत वरच्या पंपावर नेली आणि टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली."

फाइलमध्ये प्रत्येक कागद होता. पंपाची पावतीही होती: सव्वा लिटर. वहिनींनी ती परत जागच्या जागी ठेवली.

"कार्ब्युरेटरला नंतर कुणी हात लावलाय?"

"कुणाच्या बापाची हिंमत नाही. पुरावा आहे तो."

सिस्टरच्या इमारतीचं अंगण कॅरमबोर्डासारखं सपाट होतं. गाडी कोपऱ्यात उभी होती. काळीभोर, चकचकीत, थोडी लाजल्यासारखी. वहिनी जमिनीवर बसल्या आणि पर्समधून छोटा आरसा काढला.

"भाऊजी, टॉर्च धरा. इथे, इंजिनाच्या मागे. काय दिसतं?"

"कार्ब्युरेटर इंजिनाला दोन नटांनी बसवलाय. दोन्ही नटांवर लाल ठिपका. मसुराएवढा. अर्धा नटावर, अर्धा खालच्या धातूवर."

"फुटलेत?"

"अखंड आहेत." भाऊजींनी टिपलं. "गंज असावा."

वहिनींनी उठताना गुडघे झाडले. "चाचणी इथेच दिली का हो सिस्टर? रस्त्यावर नेली नाही?"

"पैसे हातात पडेपर्यंत मी गाडी फाटकाबाहेर सोडत नाही."

गिऱ्हाईक म्हणजे जुन्या गाड्या घेऊन विकणारा एक जाडा, घामट माणूस होता. त्याने वहिनींकडे पाहिलंच नाही, सगळी उत्तरं भाऊजींना दिली.

"निम्मी किंमत बोललो ते उपकार समजा. चढ लागला की दम टाकणारी गाडी. कोण घेणार?"

"गाडी विकायची आहे हे तुम्हाला कुठून कळलं?" वहिनींनी विचारलं.

"बाजारात कळतं," तो भाऊजींना म्हणाला.

व्हॅल्युएशनवाल्याचं ऑफिस टापटीप होतं. भिंतीवर प्रमाणपत्रं, टेबलावर शिक्के, आणि शिक्क्यांच्या शेजारी लाल नेलपॉलिशची बाटली. बायकोची असेल, असं भाऊजींनी मनात म्हटलं.

"मला कशाला विचारता?" तो तडकला. "वीस वर्षं या धंद्यात आहे. माझा रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट. तपासलं की प्रत्येक नटावर खूण करतो, नेलपॉलिशची. नट केसभर फिरला तरी ठिपका फुटतो. नंतर कुणी हात लावला तर माझ्यावर यायला नको."

"खूण आधी करता की नंतर?"

"तपासणी संपल्यावर, अगदी शेवटी. मग रिपोर्टवर सही. त्यानंतर गाडीचं काय होतं ते भावाला विचारा. घरचाच माणूस घर फोडतो."

वहिनींचे कान लाल झाल्याचं भाऊजींना दिसलं. तीस वर्षांत त्यांनी असले कान दोनदाच पाहिले होते. दोन्ही वेळा पुढे कोणीतरी तुरुंगात गेलं होतं.

भावाचं गॅरेज गाड्यांनी भरलेलं होतं. तो एका गाडीखालून बाहेर आला, पण उभा राहिला नाही.

"ताईने पाठवलंय ना? लिहून घ्या, मी चोर."

वहिनींनी त्याच्याच हातची कामाची यादी वाचली. सीट, हँडल, रंग, चेन, दोन्ही टायर, ब्रेकच्या केबल. "विकायला काढलेली गाडी आली की मेकॅनिक पहिल्यांदा काय करतो?"

"कार्ब्युरेटर उघडून साफ करतो."

"यादीत ते नाही."

"नाही केलं."

"का?"

"नाही केलं म्हणजे नाही केलं." त्याने पाना असा फेकला की तो भाऊजींच्या बुटाजवळ येऊन थांबला. भाऊजींनी वहीत लिहिलं: गुन्हेगार. खाली रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी सगळ्यांना त्याच गॅरेजमध्ये बोलावलं. सिस्टर दाराजवळ उभ्या राहिल्या, भाऊ मागच्या भिंतीला टेकून. दोघांच्या मधे ती मोटरसायकल. व्हॅल्युएशनवाला आणि गिऱ्हाईक आले ते एकमेकांना ओळख न दाखवता.

"लवकर उरका," व्हॅल्युएशनवाला म्हणाला.

"उरकते. इंजिनाच्या मागे आरसा धरलाय, बघून घ्या. कार्ब्युरेटरच्या दोन्ही नटांवर लाल ठिपके आहेत. अखंड. ही खूण तुमची ना?"

तो वाकला. सरळ व्हायला त्याला जरा वेळ लागला. "माझीच. मग?"

"तुम्हीच सांगितलंत, नट केसभर फिरला तरी ठिपका फुटतो. म्हणजे तुमची तपासणी संपल्यापासून या कार्ब्युरेटरला कोणाचा हात लागलेला नाही. आणि हा भंगारातला आहे. तुमच्या रिपोर्टात मात्र तो मूळ आणि उत्तम."

 भाऊजी वहीत मागे गेले आणि 'गंज' या शब्दावर काट मारली.

"नेलपॉलिश कुठेही मिळतं." व्हॅल्युएशनवाल्याने भावाकडे बोट दाखवलं. "यानेच बदलून वरून ठिपके दिले असतील."

"मग गाडी याच्याकडे येण्याआधीच चढावर का मेली? सिस्टर अकरा वर्षं तोच चढ चढत होत्या, कधी काही झालं नाही. तुमच्याकडून परतताना दोनदा बंद. त्यांना वाटलं, तुम्ही पेट्रोल चोरलंत. पण गळ्यापर्यंत भरली तेव्हा दहा लिटरच्या टाकीत मावलं सव्वा लिटर. पेट्रोल जवळजवळ सगळं जागेवर होतं. जागेवर नव्हतं ते दुसरंच."

सिस्टरचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

वहिनी गिऱ्हाइकाकडे वळल्या. "तुम्ही सपाट अंगणात चार फेऱ्या मारल्यात. गाडी चढावर दम टाकते हे तुम्हाला कोणी सांगितलं? सिस्टरनी चढाबद्दल फक्त एका माणसाला फोन केला होता. शिव्या द्यायला."

गिऱ्हाइकाने आता पहिल्यांदा वहिनींकडे बघितलं. "बाई, मी नुसता निम्मी किंमत बोललो. मूळ पार्ट याच्याच कपाटात आहे. गाडी हातात आली की तोच परत बसवून पुऱ्या किमतीला विकायची, नफा निम्मा निम्मा. पार्ट काढायच्या आधीच याने फोनवर सांगितलं, काम भाऊ करणार आहे, आळ त्याच्यावर जाईल."

"तोंड बंद ठेव, गाढवा," व्हॅल्युएशनवाला म्हणाला.

"पण चोरी करून वर स्वतःच खूण कशी केली याने?" भाऊजींना राहवेना.

"वीस वर्षांची सवय. चोरी डोक्यानं केली, ठिपका हातानं दिला. हाताला कुणी सांगितलंच नाही की आज आपण चोर आहोत." वहिनींनी एक कागद पुढे केला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटत होती. "ही पोलिसांत द्यायची तक्रार. ती जाणारच. चोरी एक वेळ मी समजू शकते. पण आळ कुणावर घालायचा हे तुम्ही गाडीला हात लावायच्या आधी ठरवलंत, याचा मला संताप आहे. भाऊजी, यांच्याबरोबर जा आणि कपाटातला कार्ब्युरेटर घेऊन या."

ते तिघे गेले. 

"तुला माहीत होतं," सिस्टर भावाला म्हणाल्या. "गाडी आली त्याच दिवशी तुला दिसलं असणार."

"दिसलं. मला वाटलं, तूच दुसऱ्या कुणाकडून स्वस्तात बसवून घेतलास. अकरा वर्षं या गाडीचा एक स्क्रूसुद्धा मी दुसऱ्याला पिळू दिला नाही. राग आला. म्हटलं, ज्याने बसवला तोच साफ करेल."

"मग आईसमोर बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तू विचारलं नाहीस, ताई. तू सांगितलंस, की मी चोर आहे."

 सिस्टर उलट्या डब्यावर बसल्या आणि दुखणारा गुडघा दोन्ही हातांनी धरून ठेवला. भाऊजी कार्ब्युरेटर घेऊन परत आले तरी त्या तशाच होत्या.

भावाने काम सुरू केलं. लाल ठिपके पान्याखाली चरचरत फुटले. अर्ध्या तासात त्याने मूळ कार्ब्युरेटर जागेवर बसवला, हात पुसले आणि स्वतःच किक मारली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. त्याने हेल्मेट बहिणीच्या मांडीवर टाकलं, ठेवलं म्हणता येणार नाही.

"चढावर नेऊन आण."

"आणि बंद पडली तर?"

"तर फोन कर आणि शिव्या घाल," तो म्हणाला. "पण मला. उगाच परक्या माणसाला नको."