दुसरा ठिपका

ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. माझ्याच टेबलावर घडलेली आहे. खोटं वाटत असेल तर तिझनितच्या बाजारात या आणि माझ्या शेजारच्या हम्मूला विचारा. तो मसाले विकतो, पण थापा मारत नाही.

माझं नाव तूदा. मोरोक्कोच्या दक्षिणेला, या तिझनितमध्ये, माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे.

फेब्रुवारीतला बुधवार होता तो. दुपारची नमाज नुकतीच आटोपली होती. बाहेर लख्ख ऊन.

लाल्ला इज्जा आली. लाल्ला म्हणजे बाई; पुरुषाला आम्ही सी म्हणतो. आमच्याच गल्लीतली, साठीची बाई. तिचा नवरा सी म्बारक जाऊन अकरा महिने झाले होते. हातातला फोन त्याचाच होता.

"पोरी, बघ गं याला काय झालंय. रविवारी यानं आपणहून काहीतरी अपडेट घेतलं. तेव्हापासून सगळं उशिरा उघडतं."

पलीकडून हम्मूनं तोंड घातलं. "मावशी, वय झालं त्याचं. तुमचं तरी कुठे चटकन उरकतं?"

"तू आधी तुझ्या जिऱ्यातले खडे निवड," ती म्हणाली.

अपडेटनंतर रखडणारे फोन माझ्याकडे ढिगानं येतात. नको ते पुसायचं, पडदा सरकण्याचा, म्हणजे अ‍ॅनिमेशनचा, वेग वाढवायचा, फोन बंद करून चालू करायचा. दहा मिनिटांचं काम.

मी फोन हातात घेतला. सगळं सुरळीत. जरासुद्धा अडखळत नव्हता.

"मावशी, अहो चांगला चालतोय."

"माझ्या हातात नाही चालत."

तिनं फोटोंवर बोट ठेवलं. पडदा अर्धा वर आला… आणि थांबला.

एक श्वास.

मग सावकाश पूर्ण उघडला.

मी अ‍ॅनिमेशन पूर्णच बंद केलं. आता सरकायला काही उरलंच नव्हतं.

तरीही तिच्या हातात तोच उशीर.

फोनमध्ये एक सेटिंग असते. बोट टेकेल तिथे पांढरा ठिपका दिसतो. काच खराब आहे का, ते त्यावरून कळतं. मी ती चालू केली.

"आता लावा बोट."

तिच्या बोटाखाली ठिपका उमटला. पडदा अर्ध्यावर थांबला.

आणि मग… डाव्या बाजूनं दुसरा ठिपका आला.

तिच्या ठिपक्याला येऊन चिकटला. दोन्ही मिळून वर सरकले. पडदा उघडला.

काच बिघडली की ठिपके गारांसारखे इकडेतिकडे पडतात, हे मी हजारदा पाहिलंय. हा तसा नव्हता. हा वाट बघत होता.

 इज्जामावशीचा चेहरा उतरला.

"काय झालं मावशी?"

"माझा हात कापतो ना," ती हळूच म्हणाली. "मला फोन शिकवताना ते माझं बोट धरायचे. डाव्या हातानं. म्हणायचे, घाई नको, मी येतो बरोबर."

हम्मू कधी येऊन मागे उभा राहिला होता, कळलंच नाही. त्यानं पुटपुटत देवाचं नाव घेतलं.

मी फोन टेबलावर ठेवला. तिघांचेही हात दूर होते.

पाच-सहा सेकंद काहीच नाही.

मग ठिपका उमटला.

एकच.

तो नावांच्या यादीत गेला. यादी सावकाश सरकू लागली… आणि एका नावावर थांबली.

अय्याद.

"हा कोण?" मी विचारलं.

"धाकटा दीर माझा. डोंगरातल्या गावी एकटाच असतो." तिनं शाल ओढून घेतली. "मयतीच्या दिवशी जमिनीवरून भांडलो आम्ही. तेव्हापासून बोलणं नाही."

ठिपक्यानं फोन लावला होता.

तिकडे रिंग वाजली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला.

"अय्याद?" मावशी म्हणाली.



नुसतं… थेंब पडल्याचा आवाज. खोल, घुमणारा.

आणि मग दगडावर दगड.

टक… टक… टक.

मावशीनं माझं मनगट धरलं. "पाण्याचं टाकं आहे हे. आमच्या गावच्या घराच्या अंगणातलं. त्याचाच आवाज असा घुमतो."

पुढचं हम्मूनं काही विचारलं नाही. दुकान उघडंच टाकून त्यानं पिकअप काढली. तीस किलोमीटर, सगळा चढाचा रस्ता. 

अंगणात पावसाचं पाणी साठवायचं जमिनीखालचं टाकं होतं. झाकण बाजूला पडलेलं.

अय्याद आत होता. घोटाभर पाण्यात, भिंतीला टेकलेला. आदल्या दिवशी सकाळी गाळ काढायला उतरला आणि शिडी मोडली. पायाचं हाड तुटलं होतं. ओरडून घसा गेला, तेव्हा दगड आपटत बसला होता.

शेजाऱ्यांना बोलावून, दोर टाकून त्याला वर काढलं. मावशीनं आपली शाल त्याच्याभोवती गुंडाळली. तो थरथरत होता. पण बघत होता आमच्या मागे, टाक्याच्या तोंडाकडे.

"वहिनी, दादा कुठे गेला?"

मावशीचे हात शालीवरच थांबले.

"इथेच बसला होता रात्रभर. म्हणाला, झोपू नकोस, इज्जाला बोलावलंय."

ज्या भावाला त्यानं स्वतः कबरीत उतरवलं होतं, त्याच्याबद्दल तो विचारत होता.

हम्मू म्हणाला, ताप चढलाय, भ्रम असेल. मीही मान डोलावली.

मग मी त्याचा फोन शोधला. घरातल्या खिडकीत होता. बंद. चार्जर लावला तेव्हा कुठे चालू झाला. त्यात आमचा कॉल आल्याची नोंदच नव्हती.

मावशीच्या फोनमध्ये होती. चार मिनिटं अकरा सेकंद.

मग ती चार मिनिटं आम्ही कुणाशी जोडलेलो होतो?

अय्याद वाचला. आता लंगडतो, आणि दर शुक्रवारी कुसकुस खायला वहिनीकडे येतो. त्या रात्रीचा विषय काढला की उठून जातो.

मी त्या फोनची काच बदलून पाहिली. दुसरा ठिपका येतच राहिला. सेटिंग बंद करते म्हटलं, तर मावशीनं फोन ओढूनच घेतला.

मे महिन्यात आणखी एक अपडेट आलं.

दुसऱ्याच दिवशी मावशी दुकानात. केस विस्कटलेले, चपला दोन वेगळ्या.

"पोरी, हा भराभर चालायला लागलाय."

तिनं बोट ठेवलं. पडदा झटकन उघडला. ठिपका एकच होता.

"याला पुन्हा हळू करून दे."

 मी अ‍ॅनिमेशनचा वेग अगदी कमी केला. पडदा रेंगाळत वर येऊ लागला. मी फोन तिच्या हातात दिला.

तिनं एकदाच बोट फिरवलं. मान हलवली.

"हा उशीर तू केलायस. त्यांचा नाही हा."

अजूनही ती दर बुधवारी दुपारी येते. फोन टेबलावर ठेवते. बाजूला बसून चहा घेते. 

आम्ही दोघी त्या रिकाम्या काचेकडे बघत असतो. तिला काय हवंय, ते मला ठाऊक आहे.

मी मात्र हात मांडीवरच ठेवते. टेबलाला लागू देत नाही. ठिपका उमटलाच, तर तो माझ्यामुळे नको.