आलं

निमोण्यात शंभूच्या घरी एकवीस मेंढरं होती आणि एक लॅपटॉप. लॅपटॉपचं चार्जिंग टिकत नव्हतं. मेंढरांचं टिकत होतं. त्याच्या वडिलांना, आप्पांना, एकवीसच्या एकवीस नावानं पाठ. ते कधी मोजत नसत. "मोजलं की चुकतं," म्हणायचे, आणि एकेक नाव घ्यायचे. पण उन्हाळ्यात त्यांना मेंदूचा झटका आला, आणि तेव्हापासून रोज एखादं नाव सुटायला लागलं. मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी उभे राहून तोंड उघडायचे, तसंच मिटायचे.

सगळी नावं जायच्या आत शंभूला ती कुठंतरी उतरवून ठेवायची होती. वही हा साधा उपाय होता. पण शंभू कॉम्प्युटर शिकलेला, त्यामुळं तो त्याला सुचला नाही.

शोधता शोधता प्रोग्राम लिहायची एक नवी स्क्रिप्टिंग भाषा सापडली. नाव 'हाक'. माहिती एका पानाची, तीही मराठीत: इथे काही बनवता येत नाही. जे आहे त्याला नावाने हाक मारा. मोजू नका.

"ही कसली भाषा?" चुलतबहीण हर्षदा म्हणाली. ती पुण्यात आयटीत, सुटीला आलेली. "क्लास न्हाई, ऑब्जेक्ट न्हाई. अरे, 'मेंढी' हा साचा. त्यातनं एकवीस ऑब्जेक्ट काढ की."

"आप्पांनी कवा 'मेंढी' म्हटलंय का? बांडी म्हणत्यात, हेकणी म्हणत्यात. साचा न्हाईच. एकेक येगळी."

"क्लास म्हंजी शाळंतला का?" आप्पांनी खाटेवरून विचारलं.

"व्हय आप्पा. शंभूदादा नापास झाला त्यो."

संध्याकाळी आप्पा सांगत गेले, शंभू टाइप करत गेला. हाक बांडी. खाली उमटलं: आलं.

"आला न्हाई, आली न्हाई, आलं," हर्षदा हसली. "चहातलं का?"

"मेंढरू आलं," आप्पा म्हणाले. ते हसले नाहीत.

एकवीस नावं त्यांनी एका दमात सांगितली. शंभूला हुंदका आला. त्यानं तो शिंकेत दडवला.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना आप्पा जाळीपाशी गेले. एकही नाव येईना. मेंढरं त्यांच्याकडं बघेनात. लोकरीचा ओला वास तेवढा होता. गळ्यातली एकही घंटा वाजत नव्हती.

शंभूनं घाबरून लॅपटॉप उघडला. हाक बांडी.

बांडी उठली, जाळीखालून निघाली, आणि अंगणात लॅपटॉपसमोर येऊन उभी राहिली.

आलं.

"तू कॉपी न्हाई केलीस," हर्षदा हळू बोलली. "आप्पांच्या डोक्यातनं मूळच काढून आणलंस."

परत कसं द्यायचं, ते पानावर नव्हतं. "किती नावं गेलीत ते तरी बघू," म्हणत, शंभूनं हात धरायच्या आत तिनं टाइप केलं: मोजा.

२२.

यादी खाली सरकली. शेवटचं नाव: शंभू.

"तू टाकलंस?" हर्षदानं विचारलं.

"न्हाई."

आप्पा जाळीकडून वळले. शंभूकडं बराच वेळ बघत राहिले. मग हात जोडले.

"पाव्हणं, उभं का? बसा की. कुणाच्या घरचं तुम्ही?"

आप्पांनी त्याला जन्मात 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

शंभूनं नाव सांगायला तोंड उघडलं. तसंच मिटलं.

नाव त्याला परत मिळावं म्हणून हर्षदानं लिहिलं: हाक शंभू.

तो बांडीशेजारी येऊन उभा राहिला. मान खाली घालून.

पडद्यावर उमटलं: आलं.