पहिला घास

ममता सिस्टरनं समजावण्यात काही कसर ठेवली नव्हती. फुलसावंगीजवळच्या तांड्यातली सुखीबाई इन्सुलिनच्या सुईला जाम भ्यायची, आणि पायाची जखम तर वर वर चढत चाललेली. साखर उतरली नाही तर पाय कापावा लागणार होता. म्हणून ही चाचणीतली कॅप्सूल. इन्सुलिन नुसतं गिळलं तर पोटात डाळीसारखं पचून जातं. या कॅप्सूलचं कवच मात्र मोठ्या आतड्यात पोचल्यावर, तिथल्या जंतूंनी कुरतडलं तरच उघडायचं. पाण्यात आठवडाभर ठेवा, ढिम्म.

"याडी, सकाळचा पहिला घास म्हणजे ही गोळी. दिवसाला एकच. दोन घेतल्या तर जिवावर बेतेल," असं तिनं बजावलं होतं. तांड्यात आईला याडी म्हणतात, अन् सुखीबाईला सगळेच म्हणायचे.

आठव्या दिवशी सकाळी साखर तीनशे चाळीसवरून एकशे दहावर. जखमही सुकायला लागलेली. ममता हरखली.

"रोज घेता ना?"

"मी कायले घेऊ? पहिला घास देवीलालचा असते. तो गेला तवापासून."

कोनाड्यात नवऱ्याच्या फोटोपुढे वाटी होती. वाटीत आठ कवचं. ओली, बुळबुळीत, कडा कुरतडलेली. वॉर्डात बेडपॅन उचलताना येतो, तोच वास.

उंदीर असतील, ममता स्वतःशी म्हणाली. पण उंदरानं साखर कशी उतरवली?

इतक्यात सुखीबाई घामानं डबडबली. मीटरवर अडतीस. ममतानं तिच्या तोंडात गूळ कोंबला. चौतीस. पुन्हा गूळ. एकतीस. म्हातारीचे डोळे फिरायला लागले.

"त्याले... त्याले दे..."

असल्या गोष्टींवर ममताचा काडीचा विश्वास नव्हता. तरी तिनं गुळाचा खडा वाटीत टाकला.

साठ.

नव्वद.

सुखीबाई उठून बसली. ममता रडकुंडीला आली होती. "हे बंद! आजपासून सुया. मी स्वतः येऊन टोचीन."

"मी तं बंद करीन, बाई. त्याले कोन सांगन?"

ममतानं उरलेल्या बावीस गोळ्यांचा डबा पिशवीत टाकला अन् स्कूटी काढली. डबाच घरात नाही, तर पुढ्यात ठेवणार काय? फाट्यावर पोचल्यावर कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

तिथं स्कूटीच्या हुकाला अडकवलेली पिशवी गुडघ्याला कोमट लागली. तिनं डबा उघडला.

बावीसही कवचं ओली होती. अन् रिकामी.