सत्त्याऐंशीवी जागा

"बाई, लगेच या. माझं मेलेलं एन्झाइम सरांच्या हातात जिवंत झालंय. उद्या दुपारी मला काढून टाकतील."

विद्यापीठाच्या चौकशी अधिकारी नेलिदा ओयार्सून तासाभरात रोसारिओ शहरातल्या जिवाणूशास्त्र विभागात पोचल्या. फोन करणारी यामिला किरोगा दारातच उभी होती. सकाळपासून उपाशी. नेलिदाबाईंनी आधी तिच्या हातात एम्पानादा, सारण भरलेली करंजी, ठेवली. "खा. मग बोल."

यामिलाच्या प्रबंधाचं म्हणणं सरळ होतं. या जिवाणूच्या एन्झाइममधलं सत्त्याऐंशीवं अमिनो आम्ल, हिस्टिडीन, काढून तिथे अलॅनिन बसवलं की एन्झाइम मरतं. विभागप्रमुख ओलेगारिओ सान्तिबान्येस यांनी तेच करून पाहिलं. एन्झाइम चाललं. म्हणजे पोरीने आकडे रचले.

आपल्या खोलीत ओलेगारिओंनी माते या कडू चहाचा पेला पुढे केला. नेलिदाबाईंनी तो घेतला नाही.

"खोटं बोलायलाही अक्कल लागते, बाई," ते हसले.

"लागते खरी. निकेलच्या नळीतून प्रथिन सोडवायला इमिडॅझोल घालता ना? ते नंतर काढलंत?"

"मला शिकवताय? मूळ आणि बदललेलं, दोन्ही एन्झाइमं बारा तास इमिडॅझोल धुऊन काढायच्या पिशव्यांत होती. वेगवेगळ्या."

"पिशव्या कुठल्या?"

"थंड खोलीत पाकीट आहे. परवाच फोडलंय. तेव्हापासून दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही."

नेलिदाबाईंनी पाकीट पाहिलं. दहाचं होतं. आत नऊ होत्या.

त्यांनी ओलेगारिओंच्याच नळीतलं उरलेलं बदललेलं एन्झाइम यामिलाकडून धुऊन घेतलं. दुसऱ्या दिवशी समिती बसली.

"हिस्टिडीन काढलं की तिथे खळगा पडतो," नेलिदाबाई म्हणाल्या. "इमिडॅझोल म्हणजे हिस्टिडीनचंच टोक. ते नेमकं त्या खळग्यात बसतं आणि मेलेलं एन्झाइम कामाला लागतं. डॉक्टर ओलेगारिओंच्या नळीत ते तसंच होतं. आम्ही धुतलं, एन्झाइम मेलं. परत घातलं, उठून बसलं."

"घाईत राहिलं असेल," ओलेगारिओ पुटपुटले.

"घाईत दोन्ही राहिली असती. पाकिटातून पिशवी एकच गेलीय. तुम्ही मूळ तेवढं धुतलंत आणि दोन्ही धुतली म्हणून सांगितलंत. इमिडॅझोलची ही करामत तुम्हीच दुसऱ्या वर्षाला शिकवता. पण यामिला खरी ठरली, तर सगळं काम ग्लुटामेट हे दुसरंच अमिनो आम्ल करतं हा तुमचा दहा वर्षांचा सिद्धांत कचऱ्यात जातो."

नेलिदाबाईंनी यामिलाचा प्रबंध अध्यक्षांपुढे ठेवला.

"एवढा खटाटोप केलात, आणि झालं काय? इमिडॅझोलने एन्झाइम उठलं, म्हणजे तिथे हिस्टिडीनच हवं. तिच्याकडे हाच पुरावा कमी होता."

समितीच्या अध्यक्षांनी प्रबंध यामिलापुढे सरकवला. "हा प्रयोग शेवटच्या प्रकरणात घाल. आणि कुणी केला, तेही लिही."