कर्नल थॉर्नलींनी सोडलेली जागा

यातलं अक्षरही खोटं नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

सतराशे त्र्याण्णव सालचा ऑक्टोबर. मेरीलँडात चेस्टर नदीकाठी कर्नल थॉर्नलींचा मळा. रविवारची भर दुपार होती... रात्र नव्हे.

कर्नल वारून नऊ दिवस झाले होते.

मोठा माणूस! देशाची घटना लिहायला बसलेल्यांतला. "माणूस माणसाचा मालक असूच शकत नाही," असं सभेत गरजायचे. आणि घरी आम्ही एकतीस गुलाम. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

भाषणाची तालीम माझ्यासमोरच चालायची. मी चांदीचे चमचे घासायचे, ते अकरा-अकरा पावलांच्या येरझाऱ्या घालायचे.

"केझाया, कसं वाटलं गं?"

"झकास, मालक. पण माझ्या सिल्वीच्या सुटकेचा कागद?"

"करतो गं! यंदाचा तंबाखू एकदा बोटीत चढू दे."

सात वर्षं तंबाखू बोटीत चढत होता. कागदावर मालकाची सही लागते, शिवाय दोन गोऱ्या साक्षीदारांची. कागदच झाला नाही आणि म्हातारा गेला. आता त्यांचा जॉर्जियाचा जावई सोमवारी माझ्या बारा वर्षांच्या पोरीला गाडीत घालून नेणार होता.

घरातले सगळे चर्चला गेले होते. मी खाली चमचे घासत होते.

आणि वरच्या खोलीत... पावलं वाजली.

अकरा पावलं. मग वळण. पुन्हा अकरा.

थोड्या वेळाने लेखणीची खरखर सुरू झाली...

न राहवून मी ओरडले, "मालक, मेल्यावर तरी सही करा!"

खरखर थांबली.

दिवाणखान्यातलं घड्याळही थांबलं.

मग जिन्यावर पावलं... बुटांची नव्हेत. अनवाणी. दोघांची.

ती वर गेली. खाली आलीच नाहीत.

मी भीतीने अर्धमेली झाले होते, पण पोरीसाठी वर गेले. खोलीत कुणीही नव्हतं. टेबलावर भरलेला कागद होता... शाई अजून ओली.

मला वाचता येत नव्हतं. वाटलं, केलं बाई एकदाचं म्हाताऱ्याने! त्याच संध्याकाळी सिल्वीला घेऊन निघाले. सहा दिवस चालत, गुलामी उठत चाललेलं फिलाडेल्फिया गाठलं.

तिथे आमच्याच लोकांची शाळा चालवणाऱ्या प्राइमस मास्तरांनी कागद दोनदा वाचला.

"केझायाबाई, सिल्वी मुक्त, असं स्वच्छ लिहिलंय. साक्षीदार दोन, ज्युबा आणि पॉम्पी. नावांपुढे सहीऐवजी फुल्या मारल्यात. कोण हे?"



ज्युबा माझा नवरा. पॉम्पी त्याचा भाऊ. पळताना पकडले गेले आणि कर्नलांच्या हुकमाने फटके खाऊन त्याच मळ्यात मेले होते... त्याच्या चार वर्षं आधी.

"आणि मालकाची सही?" मी विचारलं.

मास्तरांनी कागद उजेडात धरला.

"जागा सोडलीय. शाईचा ठिपका आहे तेवढा. लेखणी टेकवली होती... पुढे गेली नाही."

माझी मेलेली माणसं पोरीसाठी जिना चढून आली. आणि त्या माणसाला मेल्यावरही चार अक्षरं जड झाली! याचा अर्थ काय, मला आजवर कळलेला नाही.

कोर्टात त्या कागदाला कवडीची किंमत नाही; जावयाची माणसं तिला कधीही धरून नेऊ शकतात. सिल्वी आता वीस वर्षांची आहे. पण दारावर अनोळखी थाप पडली की मी आधी तिला मागच्या दाराने बाहेर काढते... आणि मगच कडी उघडते.