शेवटी बांधायचा खोका

सृष्टी सरगर दारात उभी राहिली तेव्हा तिच्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. चेहरा घामानं निथळत होता. एप्रिलातलं सोलापूर, पण हा घाम उन्हाचा नव्हता.

"तुमीच दाक्षायणी हिरेमठ ना? तपास करता त्या?"

दारावरची पाटी तेच सांगत होती. शेळगी भागात अशी पाटी लावून बसलेली बाई एकच. पोटापुरत्या लग्नाआधीच्या चौकशा करायची, पण डोकं त्याहून मोठ्या कामाचं. समोरच्या खुर्चीत आबासाहेब होते. निवृत्त एसटी कंडक्टर, दाक्षायणीची स्कूटर चालवणारे, आणि प्रत्येक प्रकरणात सगळ्यांच्या आधी चुकीच्या निष्कर्षाला पोचणारे. ते नुकतेच आले होते आणि उशिराचं कारण सांगत होते. त्यांच्या मजरेवाडीत आज पाण्याची पाळी होती, पहाटेपासून बादल्या वाहून त्यांचे दंड भरून आले होते.

"बस आधी," दाक्षायणी मुलीला म्हणाली. "मग बोल."

मुलगी बसली नाही. उभ्याउभ्याच सांगू लागली.

ती आणि तिचा भाऊ युवराज मागच्या गल्लीत चन्नप्पांच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. मूळचे सांगोल्याकडचे. भाऊ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, आत्ता कामावर. सृष्टी पोलीस भरतीत निवडली गेली होती. उरली होती फक्त चारित्र्य पडताळणी. आज चारच्या सुमारास हवालदार घरी येऊन घरमालकाला विचारणार होते, मुलगी कशी आहे. ते झालं की सामान टेम्पोत घालून नीलमनगरच्या नव्या खोलीत जायचं.

"आजच का?"

"तिकडं उद्या पाणी येणार. उद्याची पाळी चुकली तर पुढचे दिवस कोरडे. घर बदलायचं तर पाण्याच्या आदल्या दिवशी."

"शहाणी आहेस. मग झालं काय?"

"मालकांची पाण्याची मोटर माझ्या खोक्यात सापडली." मुलीचा आवाज चिरकला. "मी न्हाय घेतली, अक्का. पण ते चार वाजता चोर म्हणले तर संपलं की सगळं. तीन वर्षं मैदानावर पळलेय मी. आई गावाकडं मेंढरं राखून पैसं धाडती."

आबासाहेब पुढे सरसावले. "सोपं आहे. नळाला थेट मोटर लावायला महापालिकेची बंदी असते. तेवढी आठवण करून द्या मालकाला, गप्प बसेल."

"बसेल," दाक्षायणी चप्पल घालत म्हणाली. "पण हवालदारानं 'मुलगी कशी' म्हणून विचारल्यावर मालक नुसता गप्प बसला, तरी पोरीची नोकरी जायला पुरे आहे."

चन्नप्पांचं घर बैठं होतं. पुढे मालक, मागे भाडेकरू, मध्ये दोघांचा मिळून एक बोळ आणि एक अंगण. दाराशी टेम्पो उभा होता आणि टेम्पोच्या पुढ्यात खुर्ची टाकून स्वतः चन्नप्पा बसले होते. माझ्या अंगावरून घाला, पण टेम्पो हलू देणार नाही, अशी ती बैठक होती.

दाक्षायणी आधी बोळात गेली. खोके ओळीनं मांडलेले होते. काहींची चिकटपट्टी चन्नप्पांनी टरकावली होती.

"नावं बाजूला लिहिलीस, झाकणावर नाही?"

"एकावर एक रचले की झाकण दिसत नाही ना," सृष्टी म्हणाली. "जड सामान लहान खोक्यात. बांधायच्या आधी प्रत्येकाचा उघडा फोटो. आणि हा चहाच्या सामानाचा, शेवटी बांधायचा. तिकडं गेल्यावर पहिला हाच उघडायचा, म्हणून दाराशी ठेवला होता."

मोटर याच खोक्यात होती. दाक्षायणीनं वाकून पाहिलं. तळाशी मोटर, तिच्यावर चहाचं पातेलं उपडं, कोरडं ठाक. कपबश्या एका बाजूला सरकवून टॉवेलात नीट गुंडाळलेल्या. एकही टवका गेला नव्हता.

"कप तू असे ठेवले होतेस?"

"न्हाय. मी वर नुसते ठेवले होते. सकाळचा चहा व्हायचा होता."

दाक्षायणीनं खोक्याच्या तळाला हात लावला. पुठ्ठा भिजून मऊ पडला होता. तिनं मोटर कलती केली. तोंडातून पाण्याची बारीक धार लागली आणि थांबली. आबासाहेब म्हणाले, जपून, साडी भिजेल.

मग ती अंगणात गेली. मोटरची जागा पायरीखाली होती. पाणी येईल तेव्हा नळाला जोडायची, एरवी पोतं पांघरून ठेवायची. शेजारी रबरी पाइपाचं वेटोळं होतं. हात लावला तर चटका बसावा इतकं तापलेलं.

"इथं पाणी कधी आलं होतं?"

"परवा," चन्नप्पा खुर्चीतूनच म्हणाले. "मोटर लावून मीच भरलं. त्यानंतर आज सकाळी पोतं उचललं तर खाली काही नाही. या निंगप्पांना दाखवायला गेलो होतो."

निंगप्पा म्हणजे नवे भाडेकरू. ते ओसरीत आपल्या वळकटीवर बसले होते आणि त्यांचा चेहरा, आपण कुठे येऊन पडलो, असा झाला होता.

"मी सकाळच्या गाडीनं अक्कलकोटहून आलो, बाई," ते म्हणाले. "मोटर आहे म्हणाले म्हणून तर खोली घेतली. पहिली तीच दाखवा म्हटलं. माझीच जीभ नडली."

टेम्पोवाल्याचं नाव गुंडा, सृष्टीचा मामा. त्याला प्रश्न विचारायच्या आधीच राग आला होता.

"डाळिंबाचं क्रेट उतरवून सकाळी हितं आलो. मोटार चोरायची आसती तर भाचीच्या खोक्यात कशाला घातली आसती? माज्या शिटाखाली लई जागा हाय की. बघा जावा."

आबासाहेब खरंच बघून आले. सीटखाली एक पाना आणि अर्धवट संपलेली बिस्किटं होती.

"तुम्ही आधी बांधलेले खोके फोडलेत," दाक्षायणी चन्नप्पांना म्हणाली. "उघडा सगळ्यात शेवटी पाहिलात."

"उघड्या खोक्यात कोण चोरी लपवतंय?" चन्नप्पा म्हणाले, आणि आपण आपल्याच विरुद्ध बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"तुमच्याकडे घरात कोण कोण?"

"मी आणि ही."

"मुलंबाळं?"

"नाहीत." उत्तर जरा जास्तच लवकर आलं. "आणि हिच्यावर संशय घेऊ नका. ही देवाची बाई आहे. काल संध्याकाळी देवळात, आज सकाळी देवळात. वार नाही, तिथी नाही. कधी सोमवार, कधी शुक्रवार, मनात आलं की पिशवी घेऊन निघाली."

ही म्हणजे कस्तुराबाई. त्या चहा घेऊन आल्या होत्या. अंगानं बारीक, बोलणं हळू. कप देताना त्यांच्या तळहातावर लाल वळ दिसला, बाजाराच्या पिशवीचा बंद रुततो तसला.

"कुंद्री," दाक्षायणी कानडीत म्हणाली. बसा. कस्तुराबाई पायरीच्या कडेला टेकल्या.

"पोरगी चांगली आहे हो," त्या म्हणाल्या, पण पोरीकडे न बघता. "नवी खोली खालच्या मजल्यावर घेतलीय म्हणे, बरं केलं. वर पाणी चढत नाही. कळश्या घेऊन जिना चढायचा म्हणजे बाळंतिणीचं कंबरडं मोडतं."

सृष्टी त्यांच्याकडे बघत राहिली. दोन वर्षं हीच बाई तिच्या परीक्षेच्या दिवशी देवापुढे दिवा लावत आली होती. आज सकाळपासून तिनं एकदाही डोळ्याला डोळा भिडवला नव्हता. ते मुलीला मोटरीपेक्षा जास्त लागलं होतं.

बाजूला नेऊन आबासाहेबांनी आपला निकाल जाहीर केला. "चन्नप्पाच. डिपॉझिट बुडवायचंय त्याला."

"डिपॉझिट बुडवायला भिंतीवरचा एक ओरखडा पुरतो, आबासाहेब. त्याला मोटर कशाला लागते?" ती सृष्टीकडे वळली. "फक्त खोक्यांचेच फोटो काढलेस?"

"घराचे पण. काल संध्याकाळी. भिंती, विजेचं मीटर, अंगण. मागनं वाद नको म्हणून."

फोनवर अंगणाचा फोटो होता. उतरतं ऊन, पायरी, पाइपाचं वेटोळं आणि पायरीखाली जमिनीसरसं पसरलेलं पोतं.

आबासाहेबांनी फोन दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "अंगण आहे," ते म्हणाले.

चार वाजायला फार वेळ उरला नव्हता. सृष्टी पुन्हा पुन्हा गल्लीच्या तोंडाकडे बघत होती. दाक्षायणीनं सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"चन्नप्पाअण्णा, मोटर आज सकाळी गेली असं सगळे धरून चाललेत. हा कालचा फोटो बघा. खाली मोटर असती तर पोत्याला उंचवटा असता. पोतं सपाट आहे. म्हणजे मोटर काल संध्याकाळीच गेलेली होती. गुंडामामा आणि निंगप्पा आज सकाळी आले. ते दोघे सुटले."

"आणि ही?" चन्नप्पांनी सृष्टीकडे बोट केलं. "ही तर इथंच होती."

"होती. पण चोर कधी रिकाम्या जागेचा फोटो काढून स्वतःजवळ ठेवतो का? तरी तेवढ्यावर सोडत नाही. मोटर ओली आहे. आतलं पाणी खोक्याच्या तळात उतरलंय. परवाचं पाणी या उन्हात असं टिकत नाही. शेजारचा पाइप बघा, तापून निघालाय. म्हणजे मोटर आज चालली. या गल्लीत आज पाणी नाही. सृष्टीच्या नव्या घरी उद्या आहे. तिला आज मोटरीचा उपयोगच नव्हता."

"मग चालली कुठं?" निंगप्पांनी विचारलं.

"जिथं आज पाणी होतं तिथं. आबासाहेब, सकाळी दंड कशानं दुखत होते?"

आबासाहेबांचं तोंड उघडं पडलं. "मजरेवाडीत," ते म्हणाले.

"मजरेवाडी किंवा तिच्याच पाळीचा दुसरा भाग. थोडक्यात, मोटर चोरलेली नाही, उसनी नेलीय. काल नेली, आज पाणी भरून झाल्यावर परत आणली. आणणारा माणूस पोचला तेव्हा अंगणात आरडाओरडा चालू होता. पायरीशी जायची सोय उरली नाही. बोळात समोर एकच उघडा खोका. त्या घाईतही त्यानं कप बाजूला काढले, टॉवेलात गुंडाळले. ज्याला या मुलीचा कपसुद्धा फुटायला नको होता, त्यानं तिच्यावर आळ यावा म्हणून हे केलेलं नाही."

पुढचं बोलताना तिचा आवाज खाली आला.

"पाण्याची पाळी वार बघत नाही. कधी सोमवारी येते, कधी शुक्रवारी. तशीच वार न बघता देवळात जाणारी एक पिशवी या घरात आहे. आणि बैठ्या घरात राहून जिन्याचं दुखणं सांगणारं एक माणूस आहे. नाव मी घेत नाही. ते त्याच माणसानं घ्यावं."

कस्तुराबाई पायरीवरून उठल्या. उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

"मीच ठेवली," त्या म्हणाल्या. "सोनमकडं नेली होती."

हे नाव त्या अंगणात तीन वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. सोनम त्यांची एकुलती एक लेक. पॉवरलूमवर काम करणाऱ्या तेलुगू मुलाशी लग्न करून गेली, आणि चन्नप्पांनी सांगून टाकलं होतं की तिची पायरी जो चढेल त्यानं इथली चढू नये.

"दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते," कस्तुराबाई नवऱ्याला नाही, सृष्टीला सांगत होत्या. "पोट फाडून बाळ झालंय. त्यांची मोटर जळली. पाण्याच्या आदल्या दिवशी ही नेऊन देते, दुसऱ्या दिवशी आणते. आज आले तर हे ओरडत उभे. म्हटलं, शांत झाले की काढून जागेवर ठेवते. यांनी तर खोकेच फोडायला घेतले. तुझं नाव आलं तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तोंडच उघडलं नाही, बाई. माझं लेकीकडं जाणं तुटेल म्हणून तुझ्या पोटावर पाय देत होते मी."

सृष्टीला रडू फुटलं. राग यायला हवा होता, तो येईना. ती नुसती उभी राहून रडली.

चन्नप्पांनी टेम्पोसमोरची खुर्ची उचलली, घडी घातली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

तेवढ्यात गल्लीत मोटारसायकल थांबली. हवालदार आत आले, कागद काढले आणि विचारलं, घरमालक कोण?

"मी," चन्नप्पा म्हणाले.

"ही सृष्टी सरगर. तुमच्याकडे दोन वर्षं राहिली. वागणं कसं?"

गुंडामामानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"चांगलं," चन्नप्पा म्हणाले. "माझ्या घरात तिनं कधी कशाला हात लावला नाही. हवं तर तसं लिहा."

हवालदारांनी लिहिलं, सही घेतली. सृष्टीला म्हणाले, आता बोलावण्याची वाट बघ. मग पेन खिशाला लावता लावता थांबले.

"कोपऱ्यावर लोक बोलत होते, तुमची मोटर चोरीला गेली म्हणून. तक्रार आहे का काही?"

कस्तुराबाईंनी डोळे मिटले.

"चोरीला नाही गेली," चन्नप्पा म्हणाले. "लेकीकडं होती."

"कुणाच्या?"

"माझ्या."

"असं होय. कुठं असते लेक?"

चन्नप्पा बायकोकडे वळले.

"तू सांग," ते म्हणाले. "मला पत्ता माहीत नाही."