आत माणसे: शून्य

खाडीच्या तळाशी असलेल्या संगणककोठीत बशीर मुजावर गाळणी बदलत होता. तेवढ्यात मागचे पोलादी दार आपोआप मिटले आणि छतातून फुस्स असा आवाज सुरू झाला.

"नत्रवायू!" त्याच्यासोबत आत आलेली वासंती गवाणकर ओरडली. "मुखवटा चढवा, मुजावरसाहेब!"

यंत्रे गंजू नयेत म्हणून माणसे बाहेर पडली की कोठीत नत्रवायू भरला जाई. दार फक्त वरून, धक्क्यावरच्या कचेरीतून उघडे. मुखवट्यात चाळीस मिनिटांची हवा होती.

भिंतीवर यंत्रांची तब्येत दाखवणारा प्रकृतिफलक होता. कचेरीत दिसे तेच त्यावर दिसे. आत माणसे: शून्य. बिघाड: शून्य. सगळे दिवे हिरवे. फोन नव्हता. वर नुकतीच पाळी बदलली होती आणि नव्या माणसाला फलक सांगेल तेवढेच ठाऊक असणार होते.

"आपण दोघं इथं उभे आणि हा शून्य म्हणतोय?"

"दारातला माणसं मोजणारा संवेदक मेलाय," बशीर म्हणाला. "मेलेला काही कळवत नाही. आणि काही कळलं नाही, की फलक शून्य धरतो."

"कोणी नाही आणि ठाऊक नाही, हे एकच कसं हो?"

"मीच तसं लिहिलं. रिकामा रकाना दिसला की लोक दिवसभर विचारत बसायचे. म्हटलं, कटकट नको."

"छान. मिटली कटकट."

बिघाड दिसला तर कोणीतरी येईल म्हणून बशीर एकेका यंत्राची वायर उपटत सुटला. पंचवीस मिनिटांत एकोणीस यंत्रे बंद झाली. फलक हिरवाच. विसाव्या यंत्राकडे तो वळला, तशी वासंतीने त्याचे मनगट धरले.

"थांबा! बंद यंत्र गप्प होतं. गप्प म्हणजे बिघाड शून्य. आपलं बोलणारं आता हे एकच उरलंय."

त्याने हात मागे घेतला. "मग काय करायचं?"

"मारायचं नाही. आजारी पाडायचं. कण्हू दे त्याला."

तिने अंगातला जाड कोट काढून यंत्राच्या पंख्यावर दाबला. सत्तर अंश. पंचाहत्तर. ऐंशीला फलकावर पहिला लाल ठिपका उमटला.

"नव्वदला ते स्वतःच बंद पडेल," बशीर म्हणाला. "आणि तक्रार सलग पाच मिनिटं टिकली तरच वर घंटा वाजते."

"हेही तुमचंच?"

"माझंच."

अठ्ठ्याऐंशीला कोट उचलायचा, ब्याऐंशीला पुन्हा दाबायचा. आजाऱ्याच्या उशाशी बसून ताप बघावा तसा बशीर आकडा बघत होता. फक्त हा ताप उतरू द्यायचा नव्हता. एकदा एकोणनव्वद झाले आणि वासंतीने कोट झटकन ओढून काढला. पाच मिनिटे सरली. घंटा वाजली की नाही, हे खाली कळायची सोय नव्हती. ती दोघे कोट उचलत राहिली, दाबत राहिली. मुखवट्याचा काटा तळाला टेकला.

फुसफुस थांबली. दार सरकले. दारात हत्यारांची पेटी घेऊन उभा असलेला तंत्रज्ञ शिधोरे दोघांकडे आणि लोंबणाऱ्या वायरींकडे पाहतच राहिला.

"तुम्ही आत? मी तर वीस नंबरला जरा ताप दिसला म्हणून आलो," तो म्हणाला. "बाकीची एकोणीस अगदी ठणठणीत आहेत ना!"